देवसिंग, वय चार, पुरुष

संपादकांनी फोनवर बजावून सांगितलं आहे, लेख हलकाफुलका हवा. "एकतीस वर्षं मशीनवर होता तुम्ही. एकेक नमुने पाहिले असतील. दिवाळीत लोकांना जरा हसू द्या." मी बरं म्हटलं. रिटायर माणसाला कुणी फोन करून काही मागितलं, की तो बरंच म्हणतो.

नमुने पाहिले हे खरं. उमरखेडचा एक दुकानदार धाकट्या भावाला घेऊन आला होता. भावाला चक्कर यायची. स्कॅन झाल्यावर थोरल्यानं मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाला, "साहेब, याच्या डोक्यात काईच नाई असं लिहून द्या. आमची वाटणीची केस चालू हाये." मारेगावकडची एक म्हातारी होती, तिला नाकातली खडी काढायला सांगितली. धातू असला की फोटोत रेघा उमटतात. ती म्हणाली, "म्हातारा गेला तवा नाई काढली, आता तुह्यासाठी काढू काय?" शेवटी मान थोडी कलती करून तिचं डोकं स्कॅन केलं. असे किस्से सांगत बसलो तर संपादकांची पानं भरतील आणि मी सुटेन. गेली दोन वर्षं मी तसाच सुटत आलो आहे. लग्नात, तेरवीत, कुणी विचारलं की खडीवाली म्हातारी सांगायची.

यंदा दुसरं सांगतो. त्यात हसण्यासारखं आहे, पण ज्यांनी हसायला नको होतं त्यांनी आधीच हसून घेतलं आहे.

आधी आमचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सिटी स्कॅनचं यंत्र म्हणजे एक मोठं कडं. माणूस टेबलावर झोपतो, टेबल कड्याच्या भोकात सरकतं, कडं भोवती फिरत एक्स-रे काढत जातं. मग कॉम्प्युटर माणसाचे काप दाखवतो, पावाच्या लादीचे असतात तसे. ते काप एकावर एक रचले, की आतलं हाड जसंच्या तसं पडद्यावर उभं राहतं. गोल फिरवून मागून-पुढून पाहता येतं, मोजता येतं. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. टेक्निशियननं पेशंटला सरळ झोपवायचं, श्वास रोखा म्हणायचं, सोडा म्हणायचं. आणि या सगळ्याच्या आधी नोंद करायची. नाव, वय, लिंग. हे तीन रकाने भरल्याशिवाय यंत्र पुढं सरकत नाही.

नाव विचारावं लागतं. वयही विचारावं लागतं, आणि आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं वय विचारलं की पाच मिनिटं जातात. तिसरं मात्र कुणी विचारत नाही. लुगडं नेसलेली आजी समोर बसली असताना "तुम्ही बाई की माणूस" असं कोण विचारेल? चेहरा पाहायचा आणि बटन दाबायचं, एम किंवा एफ. पाच-सात वर्षांत हे इतकं अंगवळणी पडतं, की डोळा पाहतो आणि बोट दाबतं. मी हजारो वेळा असं बटन दाबलं आणि एकदाही विचार करावा लागला नाही. याचा मला गर्व होता.

यवतमाळच्या ज्या खाजगी सेंटरमध्ये मी होतो, तिथं एक दिवस सविता मॅडम आल्या. बाभुळगाव तालुक्यात त्या सरकारी जनावरांच्या डॉक्टर होत्या. तांड्यावरच्या. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायचे, वडील पऱ्हाटी म्हणजे कापूस पिकवायचे, आणि ही मुलगी गायी-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरं सोडवायची. वयानं माझ्या लेकीएवढी. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागली. मी मात्र मॅडमच म्हणायचो, अहो-जाहो करायचो, कारण डॉक्टर ती होती.

मॅडमना पीएचडी करायची होती. जनावरांच्या एका कॉलेजात शिकवण्याची जागा निघणार होती आणि पीएचडीवाल्यालाच अर्ज करता येणार होता. तालुक्याच्या दवाखान्यात औषधाच्या खोक्यांवर बसून आयुष्य काढायचं नसेल, तर हीच एक वाट होती. त्यांचा विषय असा, की कुत्रा आणि कुत्री यांच्या कवटीत फरक असतो का, असला तर नेमका कुठं, आणि तो सिटी स्कॅनवर मोजून सांगता येतो का.

आमच्या सेंटरच्या मालकांना, म्हणजे डॉक्टरसाहेबांना, हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागं रेलून हसले. "अहो मॅडम, शेपटी उचला आणि पाहा की. त्याला माझं मशीन कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "सर, कवटीले शेपटी नसते. विहिरीत, शेताच्या बांधावर नुसतं डोकं सापडते, तेव्हा काय उचलून पाहायचं?"

साहेब खुर्चीत सरळ बसले. त्यांच्या लॅब्रॅडोरनं आंब्याची कोय गिळली होती, तेव्हा याच बाईनं त्याचं पोट फाडून कोय काढली होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी सकाळी मशीन मोकळं असायचं, ते त्यांनी दिलं. अटी दोन घातल्या. बारा वाजायच्या आत सगळं फिनेलनं पुसून झालं पाहिजे. आणि दुसरी अट मला सांगितली, "यादीत मोती, टायगर, शेरू असं काही दिसता कामा नये. बाहेर कळलं तर उद्या त्या टेबलावर कोण झोपेल? मालकाचं नाव टाकत जा." मी मॅडमनाही बजावलं, की सेंटरचं नाव कुठं बोलू नका. त्यांनी शब्द दिला.

सव्वादोन वर्षं आमचे रविवार कुत्र्यांत गेले. सकाळी आठला मॅडमचा टेंपो यायचा. आत गावोगावची कुत्री आणि त्यांना धरून बसलेली माणसं. घरात ज्याच्या हातून भाकर मिळते, त्याच्याचजवळ कुत्रं निमूट राहतं, म्हणून मॅडमनी तसा निरोपच देऊन ठेवला होता. कुणाकडे भाकर टाकणारा बाप्या असायचा, कुणाकडे बाई. साधारण निम्मे गडी, निम्म्या बाया. त्या बाया कुत्र्याच्या कानात काहीतरी पुटपुटत बसायच्या. मॅडम इंजेक्शन द्यायच्या, कुत्रं पेंगायचं, मग मॅडम आणि मालक ते उचलून प्लास्टिक अंथरलेल्या टेबलावर ठेवायचे. कुत्र्याला श्वास रोख म्हणता येत नाही, पण डोकं स्कॅन करायला त्याची गरजही नसते.

मॅडमचे दोन्ही हात कुत्र्यात गुंतलेले असायचे. सलाइन धरायची, जीभ बाहेर ओढून ठेवायची. मी काचेपलीकडे कॉम्प्युटरवर. त्या ओरडून सांगायच्या, "काका, चार वर्षं!" मी चार टाकायचो. नाव मालकाला विचारायचो. छापील चिठ्ठी निघायची, ती मॅडम बाराच्या घाईत न वाचताच आपल्या मोठ्या रजिस्टरात चिकटवायच्या. एका कुत्र्याला एक पान. पानावर त्यांच्या बारीक अक्षरात वजन, गाव, जुने आजार, किती वेळा व्याली, कुणाला चावली, सगळं. फक्त नर की मादी हे त्या हातानं लिहीत नसत. त्यांच्या गाईडनी ताकीद दिली होती, की ती नोंद यंत्राच्या चिठ्ठीवरचीच धरायची. हातानं लिहिलेलं मागाहून बदलता येतं, यंत्राचं बदलता येत नाही. असं ते म्हणायचे.

पहिली कवटी पडद्यावर उभी राहिली तेव्हा मॅडमनी मला बोलावून दाखवली. कुत्र्याच्या डोक्यावर मधोमध, कपाळापासून मानेकडे जाणारी हाडाची एक कड असते. तुमच्या घरच्या कुत्र्याच्या डोक्यावरून बोट फिरवा, लागेल. जबड्याचे स्नायू तिच्या आधारानं असतात. "नराची कड जास्त उंच असंन, असं मले वाटते काका. गालाची हाडं जास्त फाकलेली, मानेकडचा भाग रुंद. पण आपल्या गावठी कुत्र्यात लहान-मोठं इतकं असते, की डोळ्यानं नाई समजत. तोंडाकडे पाहून कुत्रा का कुत्री, सांगून दाखवा बरं तुम्ही?"

मला सांगता आलं नाही. कुणालाच येत नाही, आणि म्हणून तर ती बाई मोजत होती.

मला त्या कामाचा लळा लागला. माणसांच्या स्कॅनमध्ये वाईट बातमीच जास्त. गाठ, रक्तस्राव, अपघात. काचेपलीकडे नातेवाईक माझ्या तोंडाकडे पाहत उभे, आणि मला काही बोलायची परवानगी नाही. रविवारी तसं नव्हतं. कुत्रं शुद्धीवर यायचं, लटपटत उभं राहायचं, धन्याचा हात चाटायचं आणि टेंपोत चढायचं. घरी मी बायकोला म्हणायचो, रविवारी मी शास्त्रज्ञ असतो.

कुत्री ठरल्याएवढी झाली आणि मोजमाप सुरू झालं. मोजताना मन आधीच कलू नये म्हणून कवट्यांना नुसते नंबर होते, नर-मादी यंत्राच्या यादीतून परस्पर लागत होतं. मॅडम मधूनमधून यायच्या, आणि दर वेळी त्यांचा चेहरा आधीपेक्षा उतरलेला असायचा. एकदा म्हणाल्या, "काका, काईच निघून नाई राह्यलं. नर-मादी सगळं सारखंच. माझं मोजणं चुकते का?" त्यांनी सगळ्या कवट्या पुन्हा मोजल्या. तेच उत्तर. गाईड म्हणाले, "फरक नाही, हाही निष्कर्षच असतो. लिहून टाका आणि मोकळ्या व्हा." मॅडमनी जड मनानं लिहिलं. प्रबंध टायपिंगवाल्याकडे गेला. सेंटरपासून दोन चौक अलीकडे त्याचं दुकान होतं.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी देवसिंग आला.

देवसिंग मॅडमच्याच तांड्यावरचा. त्यानं आपली काळी नावाची कुत्री आणली होती, पहिल्याच महिन्यात. आज बायकोला घेऊन आला होता, तिचं डोकं दुखत होतं. मला पाहून लांबूनच हात जोडले. "वळखलं का साहेब? आमच्या काळीले तुमीच टाकलं होतं न या भोकात."

"वळखलं न. कशी हाये काळी?"

"लय मजेत. परवा पाच पिल्लं देल्ले तिनं. एक तुमच्यासाठी ठेवू काय?"

मी हसलो. त्याच्या बायकोची नोंद करायला बसलो. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एफ दाबलं. मग आडनाव टाकलं. आमच्या कॉम्प्युटरला सवय होती, की आडनाव टाकलं की त्या आडनावाचे जुने पेशंट खाली दाखवायचे. वरचंच नाव आलं. देवसिंग. वय चार. पुरुष.

मी ते वाचलं आणि हसूच आलं, वय चार म्हणून. आणि मग पाच पिल्लं आठवली.

देवसिंगच्या बायकोचा स्कॅन मी कसा केला मला आठवत नाही. नंतर दार लावून रविवारच्या सगळ्या नोंदी काढल्या. जिथं कुत्रं धरून गडी आला होता तिथं पुरुष. जिथं बाई आली होती तिथं स्त्री. मी कुत्र्याकडे पाहिलंच नव्हतं. ते तर तिकडे टेबलावर मॅडमच्या हातात. माझ्यासमोर काउंटरला उभा असायचा तो मालक. डोळ्यानं चेहरा पाहिला, बोटानं बटन दाबलं. सव्वादोन वर्षं मी कुत्र्यांच्या नाही, माणसांच्या बाई-बाप्याची नोंद करत होतो. आणि गडी-बाया निम्म्यानिम्म्या आल्या म्हणून मॅडमना आकड्यांचाही संशय आला नाही. नर-मादी हव्या तेवढ्याच दिसत होत्या. फरक निघणार तरी कुठून?

मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "हे बघ, सिस्टिममधली नोंद आपण बदलायची नाही. बदललेलंही मशीन टिपून ठेवतं. उद्या कुणी विचारलं, की एवढ्या पेशंटचं लिंग एका दिवसात का बदललं, तर काय सांगणार? कुत्रे झोपवत होतो?" आणि मग हळूच, "पुढच्या महिन्यात तुझा सत्कार आहे. कशाला नसतं लचांड मागं लावून घेतोस?"

आता इथं खरं बोलायला पाहिजे. साहेबांनी नोंद बदलू नको म्हटलं. मॅडमना सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत. ते माझ्यावर सोडलं होतं. तोंडानं चार वाक्यं बोलायची होती. मॅडम, चिठ्ठ्या चुकल्या, घरोघरी विचारून घ्या, आकडे परत लावा. एवढंच. ते मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, असंही फार काळ केलं नाही. दोन दिवसांतच मला कळून चुकलं, की मी बोलणार नाही. फक्त घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तिले सांगा न. काहून बसले?" मी म्हटलं, पाहतो.

सत्कार झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, "एकतीस वर्षांत या माणसाची एक नोंद चुकली नाही." टाळ्या पडल्या. मॅडम दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या आणि नंतर स्टेजवर येऊन वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. काय आशीर्वाद दिला ते आठवून आजही जेवण कडू होतं. म्हटलं, "डॉक्टर तर तुम्ही आहातच, आता डबल डॉक्टर व्हा."

तोंडी परीक्षेला मी नव्हतो. तिथं काय झालं ते मॅडमनीच मला सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, सावकाश पानं उलटणारे. त्यांनी मूळ रजिस्टर मागवून घेतलं. पहिल्याच पानांवर थांबले. "हे देवसिंग कोण?"

"मालकाचं नाव आहे सर. कुत्र्याची नावं घालायची नव्हती."

"आणि हा नर आहे."

"हो सर. चिठ्ठीवर आहे."

"चिठ्ठीखाली तुमच्या अक्षरात आहे, तीन वेळा व्यालेली."

हॉल हसला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मग हाच खरा शोध." पुन्हा हसले. एका क्षणासाठी मॅडमही हसल्या, त्यांना वाटलं एखादी चिठ्ठी इकडची तिकडे चिकटली असेल. मग त्यांनी पुढचं पान पाहिलं, त्यापुढचं पाहिलं. उभ्याउभ्या त्यांनी सगळं ताडलं. गाईड शेजारच्याला म्हणत होते, की मी पहिल्यापासून सांगत होतो, नोंदीकडे लक्ष द्या. यंत्राचीच चिठ्ठी धरा, असं म्हणणारे हेच. परीक्षकांनी विचारलं, या नोंदी कुठल्या सेंटरनं केल्या? मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे सर. मी तपासून घ्यायला पाहिजे होतं." सेंटरचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला शब्द दिला होता ना.

प्रबंध नामंजूर झाला. नावनोंदणीची मुदत संपत आली होती, ती वाढवून मिळाली नाही. जागेच्या मुलाखती त्याच महिन्यात झाल्या.

आठ दिवसांनी मॅडम माझ्या घरी आल्या. रजिस्टर मांडीवर ठेवून बसल्या. आवाज चढला नाही. नोंद कशी व्हायची ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. चेहरा पाहायचा, बटन दाबायचं. "म्हणजे तुम्ही देवसिंगकाकाच्या तोंडाकडे पाहून..." असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पदरानं पुसले. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमाले कधी समजलं?"

का केलं, असं नाही विचारलं. कधी समजलं, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "आत्ता. तुमी सांगतलं तवा."

माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली. मॅडम गेल्यावर ती मला म्हणाली, "एका पोरीसमोर खोटं बोलाले तुमाले लाज नाई वाटली?" त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. मी काढला तर उठून जाते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या दवाखान्यात जाऊन रजिस्टरातली नावं-गावं उतरवून घेतली आणि एसटीनं निघालो. पाच आठवडे फिरलो. बाभुळगावच्या अवतीभवतीचे तांडे, मारेगावकडची गावं. जिथं एसटी जात नाही तिथं चालत गेलो. दारात उभं राहून एकच विचारायचं, तुम्ही आणलेलं कुत्रं नर होतं की मादी? लोक आधी माझ्याकडे पाहत आणि मग हसत. मारेगावकडच्या एका बाईनं, जिच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली कुत्र्याचाही फोटो होता, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "येवढंच इचाराले यवतमाळून आले बाप्पा? मंग तवाच काहून नाई इचारलं?"

मी यादीत लिहून घेतलं आणि पुढच्या दारी गेलो.

काही कुत्री मेली होती, काही विकली गेली होती, एकाला ट्रकनं उडवलं होतं. पण एकाही माणसाला आठवावं लागलं नाही. कुणाकडे कागद नव्हता. राणीची पिल्लं कुठं कुठं दिली ते लोक गावाच्या नावासकट सांगत होते. शेरू कुणाच्या दारात जाऊन मार खायचा ते सांगत होते. जी गोष्ट अख्ख्या तांड्याला पाठ होती, ती फक्त माझ्या यंत्राला माहीत नव्हती. देवसिंगकडे गेलो तेव्हा काळी दारात आडवी पडली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि परत झोपली.

यादी मी मॅडमना नेऊन दिली. आकडे मोजलेले होतेच, फक्त कुठला आकडा कुणाचा तेवढं बदलायचं होतं. दवाखान्यातल्या टेबलावर लॅपटॉप होता, बाहेर एक गाय हंबरत होती. मॅडमनी बराच वेळ काही केलं, मग पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, हाये," त्या म्हणाल्या. "फरक हाये."

डोक्यावरची कड, गालाची रुंदी, मानेकडचं हाड. त्यांनी पहिल्या दिवशी जे म्हटलं होतं तेच. प्रत्येक कवटीत दिसण्याइतका मोठा फरक नव्हता, काही माद्यांची कड नरांपेक्षा उंच होती, पण सगळ्या मिळून पाहिल्या की स्पष्ट दिसत होता. ती बाई बरोबर होती. तिचं मोजणं एक केसभरही चुकलं नव्हतं.

त्या हे घेऊन गाईडकडे गेल्या. ते म्हणाले, आता नर-मादी खेड्यातल्या लोकांनी सांगितलेली. आठवणीवर शास्त्र चालत नाही. यंत्राची चिठ्ठी चालली असती. कॉलेजातली ती जागा भरलीच होती. मॅडम अजून तालुक्यातच आहेत. रजिस्टर औषधाच्या कपाटावर ठेवलेलं असतं, मी गेलो की मला दिसतं. आणि मी गेलो की त्या कंपाउंडरला, बाहेरच्या माणसांना, सगळ्यांना सांगतात, "हे आमचे काका. चूक समजल्याबरोबर रिटायर माणूस गावोगाव पायी फिरला माझ्यासाठी." समजल्याबरोबर. लोक कौतुकानं पाहतात. मी चहा पितो.

संपादकसाहेब, लेख हलकाफुलका झाला नाही, माफ करा. छापा मात्र. तुमचा अंक मॅडमच्या दवाखान्यात येतो, जनावरं घेऊन आलेल्या लोकांना वाचायला त्या टेबलावर ठेवतात, मी पाहिला आहे. तोंडावर सांगायला मी दोन वर्षांत चार वेळा गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो.

मॅडम, तुम्ही विचारलं होतं, कधी समजलं. देवसिंगची बायको डोकं दुखतं म्हणून आली, त्या मंगळवारी दुपारी समजलं. तुमचा प्रबंध तेव्हा टायपिंगवाल्याकडे होता आणि बांधणीला जायला अकरा दिवस बाकी होते. ते अकरा दिवस मी ड्युटीवर त्याच दुकानासमोरून जात होतो. एकदा तुम्ही आत बसलेल्या होता. मला पाहून तुम्ही हात केला आणि मीही केला.